सरांची हिरवी माय

सर दुकानात आले तव्हा त्यायची माय मी अर्धी गोरी केलती. डावा गाल झालता, उजवा राहिलता. सर माह्या मागं येऊन उभे राहिले, कम्प्युटरकडं पाहिलं अन् म्हणले, "ही कोण?"

मी म्हणलं, "तुमची माय हाय ना सर."

सर वाकून त्या उजव्या गालाकडं पाहूनच राहिले. मला कोणी रागावलं तर एवढं भेव वाटत न्हाई. गप बसलं की वाटतं.

आधी दुकानाचं सांगते, म्हणजे समजंल. हिंगोलीत बसस्टँडच्या मागं आमचं फ्लेक्सचं दुकान हाय. फ्लेक्स म्हणजे ते मोठमोठे छापील फोटो, चौकात बांधतात ते. वाढदिवस, निवडणूक, लगीन, बारसं. अन् घरचं माणूस जाऊन वरीस झालं की 'प्रथम पुण्यस्मरण' म्हणून त्याचा फोटो मांडवात लावतात, तो बी आमीच छापतो. मालक बालाजीभाऊ. मी तिथं फोटो नीट करायचं काम करते. शाळा माही नववीत सुटली, मंग कम्प्युटरचा कोर्स केला, तो बी अर्धाच, कारण लगीन ठरलं. मंग परी झाली. भाऊ पहिल्या दिवशीच म्हणले, "पूजा, एक महिना पाहू. जमलं तर राहा, न्हाई जमलं तर राग मानू नको." सासू म्हणली, "न्हाई जमलं तर लई चांगलं." असा माहा तो महिना चालू होता.

परी दीड वर्षाची. तिला संगंच आणायची. काउंटरखाली जुन्या फ्लेक्सची एक जाड घडी टाकलेली हाय, तिच्यावर ती खेळती. ती घडी कोण्या तरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाची हाय. त्यायच्या गालावर बसून परी बिस्कीट खाती. ते हसूनच राहतात.

आता आमच्या दुकानाचा कायदा. फोटो आला की फेअर मारायचा. फेअर मारणं म्हणजे माऊस फिरवून तोंड गोरं करायचं, सुरकुत्या पुसायच्या, डोळ्याखालचं काळं काढायचं. विचारायचं न्हाई, मारायचाच. कोणी आजवर तक्रार केली न्हाई. हिंगोली जिल्ह्यात उन्हातान्हात राबून राबून सगळे सावळे, पण आमच्या फ्लेक्सवर एक बी माणूस सावळा न्हाई. मेलेला तर अजिबात न्हाई.

त्या दिवशी सकाळी भाऊनं मला एक फोटो दिला. म्हणले, "शाळेत ड्रॉइंग शिकवणारे कैलास सर हायेत ना, त्यायच्या मायचं, गंगाबाईचं, वरीस हाय परवा, गोरेगावला. त्यायनं फोटो न्हाई आणला, स्वतः काढलेलं चित्र आणलं. मी मोबाईलवर घेतलंय. मस्त कर. दिवा, कमळ, सगळं टाक."

मी ते चित्र उघडलं अन् पहिलं परीकडं पाहिलं, तिनं पाहिलं तर न्हाई म्हणून. एवढं ते भेसूर होतं. बाईचं तोंड हिरवं. हिरवं म्हणजे कोथिंबिरीवानी न्हाई, बारवेतल्या शेवाळावानी. एक डोळा वर, एक डोळा खाली. आभाळ लालभडक. मागं एक घर, ते असं कललेलं की आत्ता पडतं का मंग पडतं. अन् हात! हात म्हणजे दोन सूप. तोंडाहून मोठे. त्या हातात निळं काहीतरी गाठोडं धरलेलं.

मला वाटलं, भाऊच्या मोबाईलमध्ये रंग बिघडले. मंग वाटलं, सरायला जमलं नसंल, ड्रॉइंगचे असले म्हणून काय झालं, सगळ्यायला सगळं थोडंच जमतं. बिचाऱ्याची माय गेली, हात थरथरला असंल. मी आपलं मन लावून कामाला लागले. आभाळ निळं केलं, आमचे ठरलेले ढग हायेत ते टाकले. घर पुसलं. डोळे एका लायनीत आणले. हात लहान करायला गेले तं ते होईनात, म्हणून ते पुसलेच, अन् आमच्याकडं जोडलेल्या हातांचा तयार फोटो हाय तो लावून दिला. गाठोडं मधी येत होतं, ते बी पुसलं. खाली कमळ, बाजूला समई. मंग तोंड घेतलं. डावा गाल झाला. मला स्वतःलाच लई बरं वाटून राहिलतं.

अन् तेवढ्यात सर आले.

भाऊ काउंटरवरून म्हणले, "या सर, पाहा किती प्रसन्न दिसून राहिल्या आई. आमच्या पूजाचा हात लई साफ हाय."

सर म्हणले, "साफ तर हाय. सगळंच साफ केलं." मंग माह्याकडं वळून हळूच म्हणले, "ताई, लेकरू कुठं गेलं?"

"कोणतं लेकरू सर?"

"मायच्या हातात होतं ते. निळ्या धडप्यात गुंडाळलेलं."

मला वाटलं गाठोडं, अन् ते लेकरू होतं. मी स्वतः लेकराची माय, माहं लेकरू माह्या पायापाशी बसलेलं, अन् मी दुसरीच्या हातातलं लेकरू पुसून तिथं नमस्कार लावून दिला. वरून भाऊ मान हलवून राहिले. मला वाटलं, झालं, भरला आपला महिना.

मी म्हणलं, "सर, चुकलं. पण ते गाठोड्यावानीच दिसत होतं हो."

"बराबर हाय," सर म्हणले, अन् जरा हसले. "मला बी तव्हा गाठोड्यावानीच दिसलं होतं."

मंग त्यायनं काउंटरमागून ते खरं चित्र काढलं. भाऊनं सकाळी फोटो घेऊन तिथं भिंतीला टेकवून ठेवलतं, चादरीत गुंडाळलेलं. चादर काढली अन् सरायनं ते खुर्चीवर उभं केलं. खरं चित्र मोबाईलवरच्याहून बी भेसूर निघालं.

भाऊ गालात हसून म्हणले, "सर, राग नका मानू. पण काहून हो एवढ्या हिरव्या आई? काविळीत माणूस पिवळं पडतं, हिरवं न्हाई."

सर म्हणले, "ती हिरवी नव्हती भाऊ. भेव हिरवं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे एक्स्प्रेशनिझम. परदेशात चित्रकारांनी ही तऱ्हा काढली. डोळ्याला जे दिसतं ते काढायचं न्हाई. ते कॅमेरा बी काढतो. आत जे होऊन राहिलं ते काढायचं. तोंडाचा रंग आठवत नसंल तर न आठवू दे. भेव आठवतं ना? मंग भेवाचा जो रंग तुमाला वाटतो तो लावा. मला भेव शेवाळावानी वाटतं. थंड, ओलं, पाय घसरवणारं."

भाऊ म्हणले, "अन् आभाळ? आमच्या पूजानं चांगलं निळं केलतं."

"संध्याकाळ होती. लाल असंल थोडंसं. पण मला त्या दिवशी वाटलं, सगळं पेटलं."

"घर काहून कलतं?"

"ते समोरचं घर हाय. मी आमच्या दारात उभा राहून रडत होतो. रडताना कोणतं घर सरळ दिसतं भाऊ?"

आता मला बी धीर आला. मी विचारलं, "अन् सर, डोळे काहून खालीवर?"

सर म्हणले, "दोन लेकरं होती ना ताई. एक हातात, एक दारात. एक डोळा हातातल्याकडं, एक दारातल्याकडं. मंग ते एका लायनीत कसे राहतील?"

भाऊ लगेच म्हणले, "अन् तीन लेकरं असती तर?"

सर बी हसले. मी बी हसले. पण मी त्या हातायकडं पाहूनच राहिले. हातायचं मी विचारलं न्हाई. ते मला ठाऊक होतं.

माहा नवरा वारंगा फाट्यावर पिकअप चालवतो. मागच्या साली आमी तिथं खोली करून राहत होतो. परीला एकाएकी ताप चढला, अंग तव्यावानी. नवरा गाडी घेऊन नांदेडला गेलता. मी तिला घेऊन फाट्यावर उभी राहिले, एक बी गाडी थांबंना. नंतर बायका सांगायच्या, पूजा तू रडत होती, तुहा पदर पडलता, तू वाटंल त्याला शिव्या देत होती. मला त्यातलं काही आठवत न्हाई. मला हात आठवतात. हात एवढाले झालते, बधिर, माहे न्हाईतच असे, अन् त्यात ते लेकरू. बाकी माहं अंगच नव्हतं. तव्हा कोणी माहं चित्र काढलं असतं तर सुपाएवढेच हात काढले असते. अन् मी ते दुकानात बसून लहान करून राहिलते. झाले न्हाईत ते बरं झालं.

मी म्हणलं, "सर, मी पुन्हा करते. पयल्यासारखं."

अन् तितक्यात उत्तमराव आले.

उत्तमराव म्हणजे सरायचे थोरले भाऊ. गोरेगावला शेती करतात, उंचपुरे, आवाज मोंढ्यात लिलाव पुकारणाऱ्यावानी. वरसाचा सगळा कारभार त्यायच्याकडं. फ्लेक्स कसा झाला ते पाहायला जीपनं आलते. त्यायनं कम्प्युटर पाहिला. अर्धी गोरी माय पाहिली.

"हां! ही बराबर हाय. दुसरा गाल बी उजळा. अन् समई जरा मोठी करा."

मंग खुर्चीवरचं चित्र पाहिलं.

"कैलास, हे कशाला आणलं इथं?"

सर म्हणले, "दादा, फ्लेक्सवर हे छापायचं."

"हे?" उत्तमराव दोन पावलं मागं सरले. "अरे, माय मेली तरी तिला हिरवी करून राहिला का तू? परवा पाचशे पान उठंल. पाव्हणे येतील, सोयरे येतील. लेकरं भेतील. लोक म्हणतील, पोरायनं मायचा एक धड फोटो बी ठेवला न्हाई."

"न्हाईच ठेवला. आधार कार्डावरचा तेवढा हाय."

"मंग तोच लावू. त्यात ती निदान माणसावानी दिसती."

"दादा, आधार कार्डावर कोणीच माणसावानी दिसत न्हाई."

दोघं भाऊ असे तोंडाला तोंड देऊन राहिले अन् मधी मी, खुर्चीत, माऊस हातात धरून. परी खालून माहा पाय ओढत होती. बालाजीभाऊच्या तोंडाकडं पाहिलं तर ते उत्तमरावाकडं पाहून राहिलते, कारण गोरेगावची सगळी कामं त्यायच्याकडून येतात. मंग भाऊनं लई हुशारी केली. माह्याकडं बोट केलं.

"पूजा, तू सांग. काम तुहं हाय. कोणतं छापायचं?"

म्हणजे उद्या जे चुकंल ते पूजाचं. मला सगळं समजलं. हिरवी म्हणलं तर एक भाऊ जातो, गोरी म्हणलं तर दुसरा जातो, अन् दोघं बी गेले तर मी जाते. अन् तोंडातून निघालं ते हेच, कारण सकाळपासून मला तेच एक लागून राहिलतं:

"दादा, मला एवढंच सांगा. मी पुसलं ते लेकरू कोणतं? सर का?"

उत्तमराव म्हणले, "कैलासच असंल. लहानपणी सारखा मायच्या कडेवर असायचा हा."

सर म्हणले, "मी न्हाई. मी दारात होतो. ते लेकरू तू हाय दादा."

"मी?"

"तुला पान लागलं तव्हाचं हाय हे."

पान लागलं म्हणजे साप चावला. आमच्याकडं सापाचं नाव घेत न्हाईत, पान लागलं म्हणतात. उत्तमराव तिसरीत होते तव्हाची गोष्ट. हे सगळे राहायचे गोरेगावच्या बाहेर आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी. संध्याकाळी कडबा काढताना उत्तमरावाच्या पायाला पान लागलं.

उत्तमराव म्हणले, "ते सगळ्या गावाला ठाऊक हाय. बाबानं मला खांद्यावर टाकून गोरेगावपर्यंत पळत नेलं, तिथून जीप केली. बाबा मरेपर्यंत सांगत होता."

"सांगत होता. पण बाबा त्या दिवशी सेनगावच्या बाजाराला गेलता. रात्री आला. तुला नेलं मायनं. मला म्हणली, कडी लावून घे अन् मी येईपर्यंत उघडू नको. मी कडी लावली न्हाई. मी पाहत उभा राहिलो."

"तू शाळेत बी नव्हता तव्हा. तुला काय आठवतं?"

"एवढंच आठवतं." सरायनं चित्राकडं हात केला. "पळताना तिनं एकदा मागं वळून पाहिलं, ते हेच. तोंड आठवत न्हाई, कपडे आठवत न्हाईत. तिच्या हातातून तुहे पाय लोंबत होते अन् ती एवढीशी बाई, तुला पेलू कशी राहिली ते समजंना. मला नुसते हात दिसत होते."

"मंग माय कधी बोलली काहून न्हाई?"

"बाबा पारावर बसून एवढ्या रंगात येऊन सांगायचा. ती चहा घेऊन यायची. ऐकायची अन् कप घेऊन जायची. मी एकदा म्हणलं, माय, खोटं हाय ना हे? म्हणली, सांगू दे त्याला. पोरगं वाचलं ना."

बालाजीभाऊनं पंखा बारीक केला, कशाला ते त्यायलाच ठाऊक. उत्तमराव चित्राजवळ गेले. वाकून पाहिलं. मंग स्वतःचा उजवा कान चोळला, तसाच चोळत राहिले.

"बांगड्या," ते म्हणले.

"काय दादा?"

"मला शुद्ध कमी होती. पण सगळ्या वाटंनं कानाशी बांगड्या वाजत होत्या. मला आजपर्यंत वाटायचं, जीपमधी कोणी बाई बसलेली असंल."

सर म्हणले, "जीप तर गोरेगावला भेटली. त्याच्या आधीच्या वाटंनं कोण होतं? बाबा बांगड्या घालायचा का?"

उत्तमराव हसायला गेले, पण ते हसू बराबर आलं न्हाई. मधीच तुटलं. एवढा मोठा माणूस खाली पाहत उभा राहिला. मी बी खाली पाहिलं, अन् माहा जीवच गेला. परी घडीवरून उतरून रांगत रांगत खुर्चीपाशी गेलती, खुर्चीला धरून उभी राहिलती, अन् बिस्किटाचा ओला हात तिनं चित्राला लावलता. बराबर त्या मोठ्या हातावर.

"परे! अगं माय, सोड!" मी धावले.

"राहू द्या," सर म्हणले. "रंग वाळलेला हाय. काही होत न्हाई."

परी हात फिरवून राहिलती. उत्तमरावानं ते पाहिलं अन् मंग त्यायनं बी आपला हात लावला, भीत भीत, जसा मी पहिल्यांदा माऊसला लावलता.

"कैलास, हे वर आलंय. खरबडीत हाय."

"जाड लावलाय रंग. ब्रशनं न्हाई, सुरीनं. पसरट सुरी असती आमची, गिलाव्याच्या थापीवानी. अन् शेवटी बोटानं."

"हे तर सारवणावानी लागून राहिलं."

"तेच हाय. माय कशी सारवायची? पंजा गोल फिरवायची अन् बोटं उठलेली राहायची. शेजारच्या काकीचं सारवण गुळगुळीत, आपलं बोटाबोटाचं. मी तिचं तोंड तसंच सारवलं."

मला एक्स्प्रेशनिझम काय ते तोवर अर्धंमुर्धं समजलतं. सारवण म्हणलं अन् पुरं समजलं. गुळगुळीत केलं की कोणी केलं ते जातं. बोटं राहिली की बाई राहती. अन् आमच्या दुकानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी गुळगुळीतच करते.

उत्तमरावानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं अन् भाऊकडं वळले. "हे छापा. जसं हाय तसं."

भाऊ म्हणले, "नक्की ना? मंग सोयरे म्हणतील..."

"सोयऱ्यायला मी पाहतो."

आता खरी तकलीफ चालू झाली. भाऊनं सकाळी ट्यूबलाइटखाली घेतलेला फोटो होता, त्यात ती बोटं दिसतच नव्हती. सगळं सपाट, वरून ट्यूबलाइटची पांढरी रेघ मायच्या कपाळावर. तसंच मोठं केलं तर नुसता हिरवा डाग छापला असता. सर म्हणले, "समोरून उजेड नको. बाजूनं तिरपा पायजे. मंग रंगाच्या कडायची सावली पडती अन् जाडी दिसती." दुपार कलली होती, शटरमधून ऊन आडवं आत येत होतं. उत्तमरावानं स्वतः खुर्ची उचलून दारात नेली. एक भाऊ चित्र धरून, एक भाऊ चादर धरून जास्तीचं ऊन अडवून, बालाजीभाऊ रस्त्यावरच्या लोकायला "सरका, सरका" म्हणून राहिले, अन् मी फोटो काढून राहिले. परी माह्या कडेवर. रस्त्यानं जाणारा एक जण विचारतो, "नवरीचा फोटो काढून राहिले का?" सर म्हणले, "व्हय, जुनी हाय."

तो फोटो मी कम्प्युटरवर घेतला अन् बोट अन् बोट दिसलं. मी काहीच केलं न्हाई. फोटोला हात न लावणं एवढं अवघड असतं ते मला त्या दिवशी समजलं. सवयीनं माऊस आपोआप गालाकडं जायचा. भाऊ तर मागून वाकून म्हणलेच, "पूजा, थोडंसंच फेअर मार, नुसतं कपाळ..."

उत्तमरावानं भाऊचा खांदा धरला. "बालाजी, मायला हात लावायचा न्हाई."

मशीन चालू केली. आमच्या मशीनचं डोकं इकडून तिकडं जातं अन् एक एक पट्टी छापती, वरून खाली. पहिलं लाल आभाळ आलं. मंग घराचं कललेलं छप्पर. मंग हिरवं कपाळ. भाऊ दोनदा उठून शाईच्या बाटल्या पाहून आले, पिवळी अन् लाल संपली तर न्हाई म्हणून. शेवटी हात आले, तव्हा मशीन लई वेळ घेऊन राहिलती. दोघं भाऊ बाजूबाजूला उभे. उत्तमराव पाहतच राहिले, जोवर ते निळं लेकरू पुरं निघत न्हाई तोवर.

सगळ्या फ्लेक्सवर खाली कोपऱ्यात आमच्या दुकानाचं नाव अन् नंबर असतो, ती आमची जाहिरात. ह्या फ्लेक्सवरून भाऊनं ते काढायला लावलं. हळूच कानात म्हणले, "उगं नाव खराब व्हायचं."

फ्लेक्स घेऊन गोरेगावला कोण जाणार? भाऊ म्हणले, "पूजा, तूच जा. बाईमाणसाला कोणी मारत न्हाई." मी परीला घेतलं अन् जीपनं गेले. मांडवात फ्लेक्स बांधला अन् एका बाजूला उभी राहिले, चपला जवळच ठेवल्या, पळायचं काम पडलं तर. पाव्हणे येऊन राहिले, पाहून राहिले. एक आजी म्हणली, "बाई बाई, छापणाऱ्याचं मशीन बिघडलं वाटतं." एक जण म्हणला, "उन्हानं रंग उतरला." दोन पोरं खरंच रडली. मला वाटलं, आता आपलं काही खरं न्हाई.

पण उत्तमराव फ्लेक्सपाशी उभे होते. येणाऱ्या हरेकाला हात जोडायचे, अन् मंग बोट त्या निळ्या गाठोड्यावर ठेवून म्हणायचे, "हे मी. पान लागलं तव्हा मायनं असं नेलं मला. आखाड्यापासून इथल्या स्टँडपर्यंत." लोक म्हणायचे, "आमी तर ऐकलं, तुमच्या बाबानं..." ते म्हणायचे, "न्हाई. मायनं." हरेकाला तेच. जेवणं उठेपर्यंत त्यायचा आवाज बसला. त्या आजी पुन्हा आल्या, चष्मा लावून पाहिलं अन् म्हणल्या, "हात गंगाबाईचेच हायेत."

मी परत आले. भाऊनं काय झालं ते ऐकलं अन् बराच वेळ डोकं खाजवत बसले. म्हणले, "नाव राहू द्यायला पायजे होतं." मंग शटरची दुसरी चावी माह्यापुढं टाकली. "सकाळी मला उशीर होतो. तूच उघडत जा." महिन्याचं पुढं काही बोलले न्हाईत. मी बी विचारलं न्हाई. चावी सासूला दाखवली. तिनं ती हातावर तोलून पाहिली अन् एवढंच म्हणली, "कुलूप जड हाय का?"

चार दिवसांनी गोरेगावचा एक माणूस दुकान शोधत शोधत आला. म्हणला, "आमच्या बापाचं बी तसंच हिरवं करून द्या." भाऊ लगेच म्हणले, "पूजा, ह्यायला ग्रीन मारून दे." मी म्हणलं, "भाऊ, तसं होत न्हाई." अन् त्या माणसाला विचारलं, "तुमच्या बापाचं तुमाला काय आठवतं?" त्यानं लई विचार केला. म्हणला, "खोकला." मी म्हणलं, "खोकल्याचा रंग कोणता?" तो हात झटकून म्हणला, "राहू द्या ताई, फेअरच मारा."

मारला. पोट हाय, काम हाय. लोकायला गोरंच पायजे अन् मी गोरंच करून देते. फक्त आता कोणाची बी माय गोरी करायच्या आधी तिच्या हातात काय हाय ते विचारून घेते.